बिनझालरीच्या चांदण्या

गणपती विसर्जनाला गेले की आमच्या गल्लीतलं ऊन बदलतं. मांडवाचं कापड उतरतं, बांबू तेवढे काही दिवस उभे राहतात, आणि इतके दिवस कापडाने अडवलेलं ऊन एकदम आमच्या उंबऱ्यावर येऊन बसतं. भिंतीत पावसाची ओल अजून असतेच. त्यामुळे दुपारी गल्लीला ओल्या चुन्याचा आणि तापलेल्या पत्र्याचा मिळून एक वास येतो. हा वास मला लहानपणापासून आवडायचा. हल्ली तो आला की मी पुस्तक उघडून बसते आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचते.

कारण या वासाबरोबर एक आवाज यायला हवा, तो येत नाही. ब्लेडचा आवाज. एकटी बाई करत असली तर तो ऐकूही येत नाही. पण गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात बसून एकदम करायला लागल्या की वाळलेल्या पानांवरून कुणीतरी सावकाश चालत येतंय असं वाटायचं. त्या आवाजात मी पाढे पाठ केले. दहावीची भूमिती त्यातच केली. आता गल्ली शांत आहे, अभ्यासाला चांगली. मंदामावशी परवा मला म्हणालीसुद्धा, "बरंय बाई तुझं. आता कटकट नाही, वाच निवांत."

ती सहज म्हणाली. मला मान वर करवली नाही.

आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. आईबाबा संगमेश्वरकडचे, लग्न झाल्यावर इकडे आले. मंदामावशी आमची शेजारीण, साताऱ्याकडची, आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. श्रावणात एक टेम्पो यायचा. सुधीरभाऊ नावाचा माणूस त्यातून पोती उतरवायचा, घरोघरी एक-एक द्यायचा, आणि नवरात्र संपेपर्यंत हे चालायचं. पोत्यात काय असायचं? प्लास्टिकचे तुकडे. आकाशकंदिलाच्या काड्या जिथे एकत्र येतात तिथे जो लहानसा सांधा असतो ना, सहा बाजूंना सहा आखूड नळ्या असलेला, तो. कंपनीत त्याला जॉइंट म्हणतात. गल्लीत सगळ्या त्याला चांदणी म्हणायच्या. तो दिसतोही तसाच. "माझं अर्धं पोतं चांदण्या राहिल्यात अजून," असं आई चपात्या लाटताना म्हणायची, आणि त्यात काही विशेष बोलतोय असं तिला वाटायचं नाही.

चांदणी साच्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या कडेला कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा असतो. साच्याचे भाग एकमेकांना जिथे टेकतात तिथल्या फटीतून प्लास्टिक थोडं बाहेर येतं, त्याचा. साचा जितका झिजलेला तितका पापुद्रा मोठा. बायका त्याला झालर म्हणायच्या. झालर नळीच्या तोंडावर आली की भोक अर्धं बुजतं आणि काडी आत जात नाही. म्हणून प्रत्येक तोंडावरून ब्लेड गोल फिरवायचं. हे काम बघायला सोपं आहे. पण प्लास्टिक गुळगुळीत असतं आणि ब्लेड निसटतं, ते नेहमी डाव्या हाताच्या अंगठ्यावर निसटतं. आईच्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला आडव्या रेघांची एक जाळीच आहे. भाजी चिरताना मिरचीचा हात लागला की ती हवेत हात झटकायची आणि हसायची.

भरलेलं पोतं परत देताना त्याचं तोंड प्रत्येक बाई आपल्या जुन्या साडीच्या चिंधीने बांधायची. कुणाची लाल, कुणाची निळी. आमची हिरवी, आईच्या एका विरलेल्या साडीची. ती ओळख होती. तिकडे माल तपासताना काही खराब निघालं तर चिंधीवरून घर कळायचं. ही पद्धत बायकांनीच पाडली होती, एकीच्या हलगर्जीचा बोल दुसरीला लागू नये म्हणून. आई फार अभिमानाने गाठ मारायची.

या पोत्यांवर आमची दिवाळी व्हायची. रवा, तेल, धाकट्या बहिणीचा फ्रॉक. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी माझा मिनी ड्राफ्टरही त्यातूनच आला, ड्रॉइंग बोर्डाला लावायचा. आईने तो हातात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्याने काय चित्रं काढणार तू?"

"चित्रं नाही गं, ड्रॉइंग. वस्तू बनवायच्या आधी तिचं माप काढतात ते."

"म्हणजे चित्रंच की."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे मी काय शिकते हे सांगताना मला नेहमीच थोडं अडखळायला होतं. सोपं करून सांगितलं तर खोटं वाटतं. खरं सांगायला गेले तर मीच परकी वाटते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये इंटर्नशिप मिळाली. एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर डिझाइनचं छोटं ऑफिस होतं. खाली मशीन चालू झालं की वरच्या टेबलावरचं पाणी ग्लासात थरथरायचं. इथे वस्तूंची कल्पना कुणी करत नसे. कल्पना दुसरीकडून यायची. आम्ही तिचं डिटेलिंग करायचो. म्हणजे वस्तूची प्रत्येक कड किती जाड, कोपरा किती गोल, माप कुठे किती चुकलं तर चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही, हे सगळं कागदावर असं मांडायचं की कारखान्यातल्या माणसाला प्रश्न पडू नये. पाटणकर सर शिकवायचे. ठाण्याचेच, जुन्या वळणाचं स्वच्छ मराठी बोलणारे. "ड्रॉइंग वाचणारा माणूस आपल्याला कधी भेटत नाही," ते म्हणायचे. "त्याच्या मनात शंका कुठे येईल ती जागा आधी शोधायची, आणि तिथे लिहायचं. त्याला आपल्या मनाने काही करायची वेळ आणायची नाही."

मला हे वाक्य फार आवडलं होतं. न भेटलेल्या माणसाची काळजी करायची, असा काही धंदा असतो हे मला माहीत नव्हतं.

एक दिवस सरांनी माझ्या टेबलावर एक तुकडा ठेवला. "हे काय आहे, ओळखता येतंय का बघ."

माझ्या तोंडात 'चांदणी' आलं होतं. "जॉइंट आहे, सर. आकाशकंदिलाचा."

"अरे, मॅडमनी बघताक्षणी सांगितलं," पलीकडच्या टेबलावरून निखिल म्हणाला. तो माझ्याआधी सहा महिने लागलेला, त्यामुळे सगळ्यांवर शेरे मारायचा हक्क त्याला होता. "मला विचारलं असतं तर मी बोललो असतो, पंख्याचं काहीतरी असेल."

साचा झिजला होता, नवा करायचा होता, जुनं ड्रॉइंग कुणाकडे नव्हतं. सरांनी काम मला दिलं. माझं पहिलं स्वतंत्र काम.

ते दिवस मला अजून लख्ख आठवतात. एप्रिलचं ऊन, खिडकीला लावलेला जुना पुठ्ठा, खालून येणारा तेलाचा वास, आणि पडद्यावर हळूहळू उभी राहणारी चांदणी. मी ती आयुष्यभर बघितली होती, पण आतून कधी बघितली नव्हती. सेक्शन घेतला, म्हणजे मधून कापून दाखवली, तेव्हा नळीची भिंत किती पातळ आहे ते दिसलं. साच्याचे भाग एकमेकांना टेकतात ती रेषा बरोबर नळीच्या तोंडावरून जात होती. झालर तिथेच का येते हे मला पहिल्यांदा कळलं. आणि खरं सांगते, मला आईचा अंगठा दिसला. मी दुसरं काही बघत नव्हते. मी ती रेषा तोंडावरून उचलून नळीच्या बाहेरच्या अंगाला नेली. तोंडाला आतून हलका उतार दिला. म्हणजे जादा प्लास्टिक आलंच तर भोकाच्या आड येणार नाही, कंदिलाच्या कागदाखाली झाकून जाईल. शेजारी बाण काढून टीप लिहिली, की या कडेवर जादा प्लास्टिक अजिबात चालणार नाही.

मला वाटलं होतं, आता आईला सोपं जाईल. तिचा अंगठा कापणार नाही. पोतं लवकर संपेल.

एवढं शिकलेल्या मुलीने असा विचार कसा केला, हे मी स्वतःला अनेकदा विचारते. पण आमच्या घरात पोतं हे असंच होतं, ते श्रावणात येणारच. श्रावणात पोती येतात, पावसात गळतं, मार्चमध्ये परीक्षा येते. पोती का येतात असं कुणी विचारलं नव्हतं. झालर होती म्हणून पोती येत होती, हे मला ते ड्रॉइंग पूर्ण होईपर्यंत सुचलं नाही. झाल्यावरही नाही.

सरांनी तपासताना त्या जागेवर पेन्सिल थांबवली. "हे तोंडाचं तुला कसं सुचलं?"

"असंच, सर."

"असंच नाही सर, हिच्या अंगात येतं," निखिल म्हणाला. सगळे हसले, मीही हसले.

"वस्तू त्रास कुठे देते, हे मी प्रत्येकाला विचारतो," सर म्हणाले. "हिने न विचारता उत्तर दिलं. छान. याचं फिनिशिंग बाहेरून करून घेत होते, ते आता लागणार नाही."

ते आता लागणार नाही. हे शब्द माझ्यासमोर, स्पष्ट मराठीत बोलले गेले. मला त्यातलं फक्त 'छान' ऐकू आलं. 'बाहेरून' म्हणजे आमची गल्ली, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही, कारण त्या ऑफिसात बसल्यावर मलाही ते 'बाहेर'च वाटायला लागलं होतं. इंटर्नशिप संपताना नव्या साच्यातून निघालेला पहिला नमुना सरांनी मला दिला. "पहिलं काम आहे, जपून ठेव." मी तो बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला. घरी आल्यावर आईला दाखवायचा म्हणून तिच्यासमोर बॅग उघडलीही होती. तेवढ्यात पाणी आलं, ती हंडे घेऊन पळाली, आणि राहून गेलं.

मग श्रावण आला. टेम्पो आला नाही.

आधी बायका म्हणाल्या, उशीर झाला असेल. मग म्हणाल्या, उल्हासनगरच्या बायकांना दिलं असेल काम, त्या कमीत करतात. नागपंचमी गेली, गोकुळाष्टमी गेली. ओट्यांवर ब्लेडची पाकिटं आणून ठेवलेली तशीच होती. आई रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची, कोथिंबीर आणायला म्हणून.

तोपर्यंत मला कळलं होतं. कळलं त्या दिवशी मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. समोर साच्यांवरचं पुस्तक होतं आणि त्यात एक साधं वाक्य होतं, की चांगल्या साच्यातून आलेल्या वस्तूला नंतरची हातमजुरी लागत नाही. मी ते वाक्य वाचलं आणि माझे कान गरम झाले. शेजारी कुणी नव्हतं. तरी मी पुस्तक मिटून त्यावर हात ठेवला.

पण आई वेगळंच धरून बसली होती. आदल्या वर्षी शेवटचं पोतं नेताना सुधीरभाऊ तिला म्हणाला होता, "काकू, हिरव्या चिंधीत थोडे पीस तसेच राहिलेले हां. बघत जा जरा." तो हसत म्हणाला होता. आईला दोनेक वर्षं जवळचं नीट दिसत नव्हतं. तिने ते गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. आता टेम्पो येईना, तेव्हा तिने हिशेब मांडला: माझ्या पोत्यात झालर राहिली, माल परत गेला, माझ्यामुळे सगळ्या गल्लीचं काम गेलं. आणि तिने मनात ठेवलं असतं तर एक वेळ ठीक होतं. एका दुपारी तिने ओट्यावर सगळ्यांना सांगून टाकलं. आमच्या आईला असं काही पोटात ठेवता येत नाही.

मंदामावशी म्हणाली, "तरी मी म्हणत होते बाई, तू सुईत दोरा घालायला पोरीला का बोलावतेस!" तेवढंच. भांडण झालं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टींवर भांडण होत नाही, चेष्टा होते. त्या दिवसापासून गल्लीत काही सांडलं, हरवलं, करपलं की कुणीतरी म्हणायचं, "बघा, हिरव्या चिंधीचं काम दिसतंय." आईसुद्धा हसायची. पदराला हात पुसत हसायची.

मी दोन वर्षं तिच्या मागे लागले होते, आई, डोळे तपासून घे. ती ऐकायची नाही. त्या भाद्रपदात ती एकटी जाऊन चष्मा करून आली. तपकिरी काड्यांचा, नाकावरून घसरणारा. मला केवढा आनंद झाला! मी तिचा फोटो काढला. ती म्हणाली, "थांब, फोटो नंतर. मी सुधीरभाऊकडे जाऊन येते. त्याला दाखवते, आता मला दिसतं म्हणून."

ती उन्हात चालत गेली आणि चालत आली. चष्मा हातात होता. "तो म्हणतो, वरूनच बंद झालंय, त्याच्या हातात नाही. वरून म्हणजे तेच की, तपासणीवाल्यांनी आपलं नाव काढून टाकलं असेल."

"नसेल गं तसं," मी म्हणाले. एवढंच म्हणू शकले. तो नमुना माझ्या बॅगेत, तिच्यापासून हातभर अंतरावर होता.

मी पुन्हा पुन्हा ते ड्रॉइंग डोळ्यांसमोर आणते. त्यात चूक सापडत नाही. चूक असती तर बरं झालं असतं, खोडता आली असती. उद्या परीक्षेत हाच तुकडा आला तर मी तसाच काढेन, आणि तसाच काढायला हवा. कुणाचा अंगठा कापावा म्हणून मुद्दाम वाईट साचा करा, असं मी म्हणू शकत नाही. मग मला लाज कशाची वाटते? मला वाटतं, मी न भेटलेल्या माणसाच्या सगळ्या शंका शोधल्या, आणि जिच्या ताटात जेवले तिच्याबद्दल एकही शंका मला आली नाही, याची. कदाचित हेही नीट सांगितलेलं नाही. लाजेला माप लावता येत नाही.

गेल्या दिवाळीत डोंबिवलीला मामीकडे गेलेलो. बाजारात दुकानांसमोर कंदील टांगलेले, मिटणारे, उघडणारे. आई एकाखाली थांबली, मान वर करून बघत राहिली. दुकानदार म्हणाला, "घ्या मावशी, हलका माल नाही." आईने हात वर करून कंदिलाच्या कोपऱ्याला कागदावरूनच बोट लावलं. "चांगलं काम केलंय कुणीतरी," ती म्हणाली. तिला वाटलं, दुसऱ्या कुठल्या गल्लीतली बाई असेल, चांगल्या डोळ्यांची.

यंदा पुन्हा ऊन बदललं. गेल्या रविवारी दुपारी आई दाराच्या आत तांदूळ निवडत होती, चष्मा लावून. बाहेर मंदामावशी आणि दोघीतिघी बसलेल्या. मी बॅगेतून नमुना काढला आणि तिच्या सुपात ठेवला.

"चांदणी!" ती म्हणाली. चेहरा उजळला. "टेम्पो आला?"

"नाही. बघ ना."

तिने चांदणी उचलली आणि डोळ्यांपाशी नेली. अंगठा आपोआप पहिल्या नळीच्या तोंडावर गेला. मग दुसऱ्या. सहाही तोंडांवरून तिने अंगठा फिरवला, सवयीने, जणू ब्लेड हातात आहे. "कुणी केलीय साफ? जरासुद्धा खूण नाही."

"कुणीच नाही केली. साच्यातूनच अशी येते आता. झालर येतच नाही."

"येतच नाही?"

"साचा बदलला. त्याचं ड्रॉइंग... ड्रॉइंग मी काढलं, आई. वागळे इस्टेटला. तुझा अंगठा कापू नये म्हणून काढलं. मला कळलं नाही गं."

ती चांदणीकडे बघत राहिली. मला वाटलं रागावेल, किंवा रडेल. ती अगदी हळू, जणू स्वतःलाच, म्हणाली, "म्हणजे माझं पोतं नव्हतं."

"नाही."

"माझ्यामुळे नव्हतं."

"नाही गं आई. तुझं काही नव्हतं."

तिने एक श्वास सोडला. वर्षभराचा असावा. सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली, आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. तिच्या पाठीवरूनच मला कळत होतं की तिला किती सांगायचं आहे. "मंदे," तिने हाक मारली, "अगं मंदे, ऐकलंस का..."

"काय गं?"

आई थांबली. मला तिची पाठ दिसत होती आणि तिच्यापलीकडे उन्हात बसलेल्या बायका. आपलं पोतं नव्हतं हे सांगायचं, तर मग कुणामुळे हेही सांगावं लागलं असतं. मी उठून तिच्या मागे गेले. मीच सांगते, असं ठरवूनच गेले. तोंडही उघडलं.

आईने मागे न बघता डावा हात मागे केला. पंजा उघडा, माझ्याकडे. थांब.

"काही नाही," ती बाहेर म्हणाली. "पाणी आलं का विचारत होते."

"आता कुठलं पाणी? संध्याकाळी येतं ना!" मंदामावशी ओरडली. "चष्मा लावून पण घड्याळ दिसत नाही होय? बघा गं, हिरव्या चिंधीचं काम."

सगळ्या हसल्या. आईही हसली. तिचा हात अजून मागेच होता, आणि त्या अंगठ्यावरच्या आडव्या रेघा माझ्या अगदी समोर होत्या.